फाटक नसलेले अभयारण्य

महाराष्ट्राच्या वन विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. राज्यातील वन्यजीवांच्या रक्षणाची जबाबदारी कायद्याने ज्यांच्याकडे सोपविली आहे, त्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालयही याच शहरात आहे. विदर्भातील नागरिकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पेंच, ताडोबा, बोर, नवेगाव-नागझिरा ही नावे त्याच्या परिचयाची आहेत. वन्यजीव म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे सागाचे रान, बांबूची बेटे आणि त्यातून संथपणे चालत येणारा वाघ उभा राहतो. परंतु याच कार्यालयाच्या अधिकारकक्षेत एक असे अभयारण्यही आहे की ज्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असून ज्याला पायवाटा नाहीत, पाणवठे नाहीत आणि प्रवेशद्वारही नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचे सागरी अभयारण्य ते हेच.

नागपूरकराला समुद्र गाठावयाचा झाल्यास जवळजवळ सारा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तरीही दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत विदर्भातील अनेक कुटुंबे आणि शाळा-महाविद्यालयांच्या सहली कोकणाची वाट धरतात. मालवण व तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंगची, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली उतरण्याची सोय झाल्यापासून हा ओघ वाढला आहे. एका दिवसात किल्ला, बेटे, पक्षी, डॉल्फिन आणि समुद्रतळ पाहून परतण्याचा बेत आखला जातो. हा बेत उत्तमच आहे. मात्र जंगलात जाताना जी शिस्त विदर्भातील माणसाच्या अंगवळणी पडली आहे, तीच समुद्रावर जाताना त्याच्या बरोबर असते काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पेंचच्या जंगलात पर्यटकाला ठरलेल्या प्रवेशद्वारातून, ठरलेल्या वेळी आणि मार्गदर्शकासह जावे लागते. वाहनातून खाली उतरण्यास तेथे सक्त मनाई असते. मालवणच्या समुद्रात नेमके उलट घडते. तेथे पर्यटक वाहनातून उतरतो आणि वन्यजीवाच्या थेट घरात पाय ठेवतो. वाघ माणसाची चाहूल लागताच झाडीत निघून जाऊ शकतो. प्रवाळाला मात्र जागचे हलता येत नाही. म्हणून ज्या अभयारण्याला फाटक नाही, त्याचे नियम पाहुण्याने आपल्या मनातच घेऊन जावयास हवेत. या लेखाचा उद्देश त्या नियमांची आणि त्यांमागील कारणांची ओळख करून देणे हा आहे.

अभयारण्याची घडण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यान्वये १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यापैकी ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा क्षेत्राचा भाग आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याच्या शेजारचे पद्मगड बेट हे या गाभ्यात येतात. उरलेले क्षेत्र गाभ्याभोवतीचे संरक्षक क्षेत्र होय.

ही निवड सहज झालेली नाही. मालवणचा किनारा खडकाळ आहे. पाण्यात बुडालेल्या खडकांच्या रांगा, मधूनमधून वाळूचा तळ, खाड्यांच्या मुखांशी कांदळवने आणि उथळ, सूर्यप्रकाश पोहोचणारे पाणी अशी विविधता येथे लहानशा परिसरात एकवटली आहे. खडकाच्या आधाराने समुद्रशैवाल वाढते, शैवालाच्या आडोशाने माशांची पिले वाढतात आणि त्यांच्यावर जगणारे मोठे मासे व पक्षी तेथे येतात. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर हा परिसर म्हणजे समुद्राची रोपवाटिका आहे. येथे वाढलेली मासळी पुढे दूरवरच्या कोळ्याच्या जाळ्यात जाते.

अभयारण्य घोषित झाले तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर पोट भरले, त्याच पाण्यात आता मज्जाव होणार ही त्यांची भीती होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. संरक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालण्याचा प्रश्न त्या दिवसापासून या किनाऱ्यापुढे उभा आहे. पर्यटन हे त्याचे एक उत्तर ठरू शकते. मात्र ते कशा रीतीने चालते, यावर सारे अवलंबून आहे.

सकाळ : बेटे आणि पक्षी

मालवणचा दिवस बहुधा सिंधुदुर्ग किल्ल्यापासून सुरू होतो. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. सुमारे तीन किलोमीटर लांबीची तटबंदी, चहूबाजूंनी खारे पाणी असूनही गोड पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी आणि राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर यांसाठी हा किल्ला प्रसिद्ध आहे. इतिहासाचा अभ्यासक तट पाहतो. निसर्गाचा अभ्यासक मात्र त्या तटाच्या पायथ्याशीही क्षणभर थांबतो. ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवे, खेकडे, समुद्रफुले आणि शैवालाचे हिरवे-तपकिरी थर उघडे पडतात. पाण्यात न उतरताही सागरी जीवसृष्टीचा पहिला धडा येथे गिरवता येतो. लहान मुलांच्या सहलीला तर एवढेही पुरेसे आहे.

किनाऱ्यालगत नौकेतून फिरताना डॉल्फिन दिसण्याची शक्यता असते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारा, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन या भागात नेहमी आढळतो. तो मासा नसून फुप्फुसाने श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे, आणि म्हणूनच त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. अनेक नौकांनी त्याला घेरले किंवा त्याचा पाठलाग केला, तर त्याचा श्वास घेण्याचा आणि पिलाला पाजण्याचा क्रम बिघडतो. नौकेचे यंत्र मंद करून दूर थांबले असता तो पुष्कळदा आपणहून जवळून जातो, असा अनुभव आहे. २०१५ मध्ये याच जिल्ह्यातील कुणकेश्वरच्या समुद्रात निळ्या देवमाशाचे दर्शन झाले, तेव्हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी आपल्या दारात येऊ शकतो, हे महाराष्ट्राच्या ध्यानी आले.

मालवणच्या दक्षिणेस, निवतीच्या समोर खोल समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकाळ बेटांचा समूह आहे. तेथे दीपगृह आहे आणि उन्हाळ्यात सुरय पक्ष्यांचा वावर असतो. परंतु या बेटांचे खरे वैभव त्यांच्या गुहांत आहे. भारतीय पाकोळी हा लहानसा, करड्या-तपकिरी रंगाचा पक्षी तेथील अंधाऱ्या गुहांच्या छतांना व भिंतींना आपली घरटी चिकटवितो. घरटे बांधण्यासाठी तो मुख्यत्वे आपली लाळ वापरतो. ही लाळ वाळून कडक होते. अंधारात वाट काढताना तो टिकटिक असा आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंतीचा अंदाज घेतो. वटवाघळासारखी ही शक्ती पक्ष्यांत फारच थोड्या जातींत आहे.

पूर्व आशियात अशा घरट्यांचे सार पौष्टिक म्हणून मोठ्या किमतीस विकले जाते. त्या लोभापायी या बेटांवरील घरटी चोरीस जात असल्याचे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने उघडकीस आणले आणि वन विभागाच्या साह्याने ती चोरी रोखण्याचे प्रयत्न सुरू झाले. पाकोळीची मादी एका वेळी दोनच अंडी घालते. घरटे गेले म्हणजे त्या मोसमातील पिले गेली. ही हकिकत पर्यटकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. निर्जन दिसणारे बेट निर्जन नसते. विणीच्या काळात बेटावर उतरणे, गुहेत दिवे पाडणे किंवा आरडाओरडा करणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रसूतिगृहात शिरण्यासारखे आहे. अशी बेटे नौकेतून, दुरून आणि दुर्बिणीने पाहावीत.

दुपार : पाण्याखालील वस्ती

पाण्याखाली पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले तर पहिले उत्तर प्रवाळ हेच द्यावे लागेल. प्रवाळ दिसतो दगडासारखा, फांद्या फुटल्यास वनस्पतीसारखा. पण तो आहे प्राणी. अगदी लहान, मऊ शरीराचे हजारो जीव एकत्र राहून आपल्याभोवती चुन्याचे कवच तयार करतात. पिढ्यांमागून पिढ्यांची ही कवचे साचून प्रवाळाचा खडक बनतो. अंगठीत घालण्याचे पोवळे निराळ्या जातीच्या प्रवाळापासून मिळते. मालवणच्या तळावरील प्रवाळ तोडून नेल्यास हाती केवळ एक मृत चुनखडा लागतो.

या जीवांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. सूर्यप्रकाशाच्या साह्याने ते अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचे रंगही बव्हंशी या शैवालाचेच. समुद्राचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. यास प्रवाळ-विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर असे विरंजन झाले. चौथे जागतिक विरंजन चालू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. परंतु त्या दुबळ्या अवस्थेत त्याला आणखी एखादा धक्का बसला की तो उभा राहत नाही.

मालवणचा प्रवाळ लक्षद्वीपप्रमाणे अथांग पसरलेला नाही. खडकांवर येथे-तेथे त्याचे पुंजके आहेत. पावसाळ्यात नद्यांतून येणारा गाळ सोसून तो टिकून राहिला आहे. गोलाकार वाढणारा प्रवाळ वर्षाला फार तर एखादा सेंटिमीटर वाढतो. माणसाच्या डोक्याएवढा प्रवाळ तयार होण्यास एक पिढी जावी लागते. एखाद्या नवख्या पर्यटकाची लाथ किंवा नौकेचा नांगर यांना तो मोडण्यास एक क्षण पुरतो. वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाला आज वाघाच्याच पंक्तीचे संरक्षण आहे. समुद्रातून प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी आणणारा सज्जन गृहस्थ याची कल्पना नसल्यामुळे गुन्हा करून बसतो.

प्रवाळाच्या आसपास रंगीबेरंगी लहान मासे, पोपटासारख्या चोचीने खडक खरवडणारे मासे, कपारीत दबा धरून बसणारे हेकरू, समुद्रकाकड्या, तारामासे आणि लाटेबरोबर डोलणारे शैवाल दिसते. हे दृश्य छायाचित्रात अधिक भरून दिसावे म्हणून काही ठिकाणी माशांना पाव-बिस्किटे घालण्यात येतात. ही सवय चुकीची आहे. जो मासा शैवाल खाऊन प्रवाळाची जागा स्वच्छ ठेवतो, तो पावाच्या मागे लागला म्हणजे त्याचे नेमून दिलेले काम राहून जाते. माकडांना चणे घालू नका, हे जंगलात सांगावे लागते. समुद्रातही तेच सांगणे आहे.

श्वासाचे शास्त्र

पाण्याखाली श्वास घेण्याचे आजचे साधन फ्रान्समधील झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केले. टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते. पुष्कळांचा समज असतो त्याप्रमाणे शुद्ध प्राणवायू नव्हे. पाणबुड्या श्वास घेऊ लागला की एक झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला मिळते. या झडपेचा शोध हीच खरी क्रांती होती.

दाबाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्या डोक्यावर अनेक किलोमीटर उंचीचा हवेचा थर आहे आणि त्याच्या भाराला आपण एक वातावरण दाब म्हणतो. समुद्रात केवळ दहा मीटर, म्हणजे साधारण तीन मजली इमारतीइतके खाली गेले की तेवढाच दाब नव्याने वाढतो. तेथे एकूण दाब दुप्पट होतो आणि बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे. याच साध्या नियमातून सुरक्षिततेचे तीन मूलभूत संकेत निघतात.

पहिला संकेत कानांचा. खाली जाताना कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारल्यास आतला दाब बरोबरीचा होतो. दुखू लागल्यावर नव्हे, तर दुखण्याआधीच आणि वारंवार हे करावे लागते. सर्दी झालेल्या माणसाला ते साधत नाही. म्हणून सर्दी असताना पाण्यात उतरू नये, मग पैसे भरलेले असोत वा नसोत.

दुसरा संकेत श्वासाचा. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये. खाली भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते. दहा मीटरवर घेतलेला भरगच्च श्वास रोखून कोणी वर आला, तर त्या हवेला फुप्फुसात दुप्पट जागा हवी असते आणि फुप्फुसाला गंभीर इजा होते. म्हणून संथ श्वास आणि संथ चढ हा नियम आहे.

तिसरा संकेत परतीच्या प्रवासाचा असून तो नागपूरकराने विशेष ध्यानात घ्यावयाचा आहे. पाण्याखालील दाबामुळे हवेतील नायट्रोजन वायू रक्तात व ऊतींत विरघळतो. तो हळूहळूच बाहेर पडतो. त्यापूर्वी विमानात बसून कमी दाबाच्या उंचीवर गेल्यास सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होण्याचा संभव असतो. म्हणून एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानप्रवास करू नये, असे मान्य संकेत सांगतात. चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. गोव्याचे विमानतळही जवळच आहेत. दुपारी समुद्रात आणि सायंकाळी विमानात, असा बेत म्हणूनच करू नये. मोटारीने परतणाऱ्यासही घाट चढावा लागतो. त्यानेही निघण्याची वेळ प्रशिक्षकाला विचारून ठरविणे इष्ट होय.

प्रथमच उतरणाऱ्या पर्यटकाला पोहता येणे अनिवार्य नसते. प्रशिक्षक त्याला हाताशी धरून उथळ पाण्यात नेतो. दहा वर्षांखालील मुलांना मात्र समुद्रातील अशा बुडीसाठी नेऊ नये. दमा, हृदयविकार, अपस्मार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरू नये आणि गरोदर स्त्रियांनी मुळीच उतरू नये. आरोग्याची प्रश्नावली भरताना दुखणे लपविणे म्हणजे स्वतःलाच फसविणे आहे. ज्यांना रीतसर शिक्षण घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्ली येथे आहे. तेथे प्रथम तलावात आणि नंतर समुद्रात शिकविले जाते.

दुर्घटनांचा धडा

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतील आठ जण बुडून मरण पावले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांनी प्राण गमावले. या दोन्ही घटनांत पाण्याखाली कोणाचा श्वास अडकलेला नव्हता. एकीत समुद्रस्नानाच्या वेळी आणि दुसरीत परतीच्या नौकेत प्राण गेले. जो धोका आपणास विलक्षण वाटतो त्याची आपण काळजी घेतो, आणि जो नेहमीचा वाटतो त्याकडे दुर्लक्ष करतो. समुद्रकिनाऱ्यावरील बहुतेक शोकांतिकांचे मूळ या वृत्तीत असते.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. प्रवासी नौकांची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येते. पर्यटकाने नौकेत पाय ठेवण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. नौकेवर परवान्याइतकीच माणसे आहेत काय? प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आहे काय? प्रशिक्षकाजवळ प्रमाणपत्र आहे काय? समुद्राचा त्या दिवसाचा रंग पाहून नाही म्हणण्याची आयोजकाची तयारी आहे काय? यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जो आयोजक खवळलेल्या समुद्राकडे बोट दाखवून पैसे परत करतो, त्याच्याकडेच पुढल्या वेळी जावे. मे अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत जलक्रीडा बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पाणी निवळ असण्याच्या दृष्टीने बरा.

किनाऱ्यावरील माणूस

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये त्यास पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला. मासेमारी, नारळ-आंबा-काजूच्या बागा आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांवर चालणाऱ्या या भागात पर्यटनाने नवा रोजगार आणला. मच्छीमारांची तरुण मुले प्रशिक्षक झाली, घराच्या पडवीत न्याहारी-निवासाची सोय झाली. ज्या पाण्याचा आपल्याला मज्जाव होईल अशी वडिलांना धास्ती होती, त्याच पाण्याच्या स्वच्छतेवर मुलाचा संसार चालू लागला.

संरक्षणातून उत्पन्न कसे मिळते याचे एक उदाहरण वेंगुर्ल्यात पाहावयास मिळते. तेथील मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या सदस्या पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवितात. कांदळ म्हणजे निरुपयोगी झुडूप नसून मासळीचे पाळणाघर आणि वादळापासूनची भिंत आहे, हे त्या स्वतःच्या भाषेत समजावून सांगतात. राज्याच्या कांदळवन कक्षाची स्थापना २०१२ मध्ये झाली. त्याच सुमारास केंद्र शासन, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या साह्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी येथे समुद्रकासवांची अंडी सांभाळून पिलांना समुद्रात सोडण्याचे काम ग्रामस्थांच्या सहभागाने होते. मालवणच्या नाजूक प्रवाळावरील गर्दी कमी करण्याच्या दृष्टीनेही एक योजना पुढे आली आहे. जानेवारी २०२४ मध्ये सेवानिवृत्त झालेली भारतीय नौदलाची ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या समुद्रात बुडवून तिच्याभोवती कृत्रिम प्रवाळभित्ती वाढू द्यावी, असा तिचा आशय आहे. त्यासाठी २०२५ मध्ये ही नौका राज्याकडे सोपविण्यात आली. पाणबुड्यांना पाहण्यास लोखंडी सांगाडा मिळाला, तर जिवंत प्रवाळाला तेवढीच उसंत मिळेल.

आपण काय करावे

समुद्र दूर असला तरी नागपूर जिल्ह्यातील शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे.

शाळेची सहल निघण्यापूर्वी एक तास वर्गात समुद्रासाठी राखून ठेवावा. भरती-ओहोटीची वेळ, लाल बावट्याचा अर्थ, समुद्रस्नानासाठी स्थानिकांनी वर्ज्य ठरविलेल्या जागा आणि जीवरक्षक जाकिटाचा उपयोग एवढे जरी त्या तासात सांगितले, तरी एखादा प्राण वाचू शकेल. दाब आणि आकारमानाचा नियम विज्ञानाच्या पुस्तकात असतोच. समुद्राच्या संदर्भात तो शिकविला तर विद्यार्थी तो विसरणार नाहीत. शंख-शिंपले आणि प्रवाळ गोळा करून शाळेच्या कपाटात मांडण्याची जुनी प्रथा मात्र आता थांबवावी. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख यांना कायद्याचे संरक्षण आहे.

पेंचसारख्या अरण्यांच्या वेशीवरील ग्रामपंचायतींना पर्यटकांची वर्दळ, मार्गदर्शकांची नेमणूक, प्लास्टिकबंदी आणि मिळकतीतील गावाचा वाटा यांचा अनुभव आहे. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींपुढे आज तेच प्रश्न उभे आहेत. अभ्यासदौरे बहुधा आदर्श गावांकडे जातात. कधी विदर्भातील वनगावच्या सदस्यांनी किनाऱ्यावरील गावांना आणि त्यांनी यांना भेट दिली, तर दोघांच्याही पदरात काही पडेल. नौकांनी प्रवाळावर नांगर न टाकता कायमच्या बांधलेल्या तरंडाला दोर बांधावा, एका वेळी एका ठिकाणी ठराविकच पाणबुडे उतरावेत, हे निर्णय शेवटी गावाने मनावर घेतल्याशिवाय अमलात येत नाहीत.

पर्यटकासाठी नियम थोडे आणि सोपे आहेत. काही तोडू नये, कशावर उभे राहू नये, कोणास खाऊ घालू नये, काही मागे टाकू नये. तळाशी हात टेकण्याचा मोह होतो, तो आवरावा. पाण्यात जाताना अंगभर कपडा घातला तर उन्हापासून रक्षण होते आणि अंगाला फासलेली रसायने पाण्यात मिसळत नाहीत. मार्गदर्शकाने उत्साहाच्या भरात माशांना पाव टाकू लागल्यास त्याला नम्रपणे थांबवावे. ग्राहकाच्या शब्दाला किनाऱ्यावर मोठे वजन असते.

पेंचच्या फाटकावर पहाटे उभा असलेला वनरक्षक नोंदवही उघडून पर्यटकाचे नाव लिहून घेतो, वाहन तपासतो आणि मगच अडसर उचलतो. मालवणच्या पाण्यात असा अडसर घालता येणार नाही. लाटेवर कोणी चौकी बांधू शकत नाही. तेथे नोंद ठेवतो तो प्रवाळच. आज मोडलेली फांदी भरून यावयास किती वर्षे लागतात, हे पुढच्या पिढीतील पाणबुड्याला त्याच जागी दिसणार आहे. नागपुरातील एखादे मूल जेव्हा मोठे होऊन त्या पाण्यात प्रथम उतरेल, तेव्हा तळाशी त्याला रंग दिसावेत की पांढरा चुनखडा, याचा निर्णय आज सुटीवर निघालेल्या मोठ्या माणसांच्या हाती आहे.